परत येण्याची चाल

ट्रेलर ही डोळ्यांनी पाहायची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग येतो, तेव्हा त्याचा ट्रेलर आधी कानाला भेटतो. पडद्यावर अजून काळोख असतो, निर्मात्याचं नावही उमटलेलं नसतं, आणि कुठूनतरी दोन-तीन ओळखीचे सूर येतात. तेवढ्यावर काम होतं. शेजारच्या खुर्चीतला पंचेचाळिशीचा माणूस सावरून बसतो आणि त्याच्या मुलाला कळत नाही की अब्बांना एकदम झालं काय.

गेली दहा-बारा वर्षं मला याचा छंदच लागला आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, सिनेमाशी माझा संबंध तिकिटापुरता. पण लांबलेल्या दुसऱ्या भागाचा ट्रेलर आला की मी तो आधी एकदा डोळे मिटून ऐकते आणि मग पाहते. घरातली मुलं हसतात. हसू देत. डोळे मिटले की त्यातलं राजकारण चांगलं ऐकू येतं.

ट्रेलर म्हणजे मागून ओढत आणलेलं. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत ही जाहिरात मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून तिला ते नाव पडलं. पुढे ती चित्रपटाच्या आधी आली, नाव तेवढं मागचं राहिलं. तिच्यातलं संगीत पुष्कळदा त्या चित्रपटाचं नसतंच. कारण साधं आहे. ट्रेलर कित्येक महिने आधी निघतो आणि पार्श्वसंगीत सगळ्यांत शेवटी ध्वनिमुद्रित होतं. मग ट्रेलर कापणारी मंडळी दुसरीकडून काहीतरी उचलून आणतात. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या 'द टू टॉवर्स'च्या (२००२) ट्रेलरला क्लिंट मॅन्सेलची एक धून मोठ्या वाद्यवृंदावर नव्याने बांधून लावली होती. मूळ धून होती 'रेक्वियम फॉर अ ड्रीम' (२०००) या नशेच्या आहारी गेलेल्या माणसांच्या चित्रपटातली. कुठे ती माणसं आणि कुठे ते तलवारी घेतलेले घोडेस्वार! पण पाहणाऱ्यांना खटकलं नाही. नव्या सिनेमाच्या अंगावर कुणाचाही कोट चालून जातो.

लांबलेल्या दुसऱ्या भागाला हे चालत नाही. लोक कोट ओळखतात. शिवाय इथे अडचण वेगळी असते. नट थकलेला असतो, नटीला रजा दिलेली असते, कुणी वारलेलं असतं. चेहऱ्याच्या बळावर 'मी तोच' म्हणता येत नाही. ते काम सुरांवर येऊन पडतं, कारण पडद्यावरच्या माणसाच्या वयाचा हिशेब त्यांना लागू नसतो. आपल्या मराठीतच पाहा. 'झपाटलेला' आला १९९३ साली आणि 'झपाटलेला २' आला २०१३ साली. मध्ये २० वर्षं गेली होती आणि लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले होते. मग प्रेक्षकाला ओळख पटवायची कशी? तात्या विंचूच्या त्या मंत्राने. तो कानावर पडला की बाकी ओळखपत्र कुणी मागत नाही.

ओळख पटवण्याच्या मला तीन तऱ्हा दिसतात. पहिली तऱ्हा, जुनी धून जशीच्या तशी आणायची, पण उशिरा. 'स्टार वॉर्स'च्या मूळ कथेचा शेवट १९८३ सालच्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये झाला होता. ती कथा पुढे नेणाऱ्या 'द फोर्स अवेकन्स'ची पहिली झलक आली २८ नोव्हेंबर २०१४ रोजी, म्हणजे ३१ वर्षांनी. सबंध झलक दीड मिनिटाची. त्यात बराच वेळ वाळवंट, धापा, घरघर, जवळजवळ शांतताच. आणि ते जुनं खडखडीत विमान आकाशात गिरकी घेतं, तेव्हा कुठे जॉन विल्यम्सची धून फुटते. लोकांना उपाशी ठेवून मग वाढलेलं ते जेवण होतं.

दुसरी तऱ्हा, धून तीच ठेवायची, पण तिची गती काढून घ्यायची. 'जुरासिक पार्क' (१९९३) मी पाहिला तो १९९४ साली, हिंदीत. मोठा इंग्रजी सिनेमा हिंदीत बोलतो हेच तेव्हा नवल होतं. मामूंनी आम्हा सात पोरांना चिपळूणला नेलं होतं आणि परतीच्या एस.टी.त प्रत्येक जण डायनासोर झाला होता. मालिकेतला तिसरा चित्रपट २००१ साली येऊन गेला, मग १४ वर्षं काहीच नाही. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये 'जुरासिक वर्ल्ड'चा ट्रेलर आला. विल्यम्सचीच ती भव्य धून, पण आता पियानोवर, एकेक सूर सुटा, जणू रिकाम्या घरात कुणीतरी एका बोटाने वाजवतंय. मी त्या दिवशी मामूंना फोन केला. ते म्हणाले, "वाजवतोय चांगलं, पण कोण गेलं?" मामूंचं बरोबर होतं. गाणं संथ केलं की त्याचं श्रद्धांजलीत रूपांतर होतं. २०१० साली 'द सोशल नेटवर्क'च्या ट्रेलरमध्ये बेल्जियमच्या मुलींच्या एका गायकवृंदाने रेडिओहेड या बँडचं एक गाणं असंच संथ गायलं आणि तेव्हापासून ती रीतच पडली.

तिसरी तऱ्हा, जुनं सगळं टाकून द्यायचं. 'ग्लॅडिएटर' २००० सालचा, 'ग्लॅडिएटर २' २०२४ सालचा. पहिल्याचं संगीत हान्स झिमर आणि लिसा जेरार्ड यांचं. त्यातला तिचा तो शब्दांपलीकडचा आलाप लोकांच्या काळजात बसलेला. आणि जुलै २०२४मध्ये दुसऱ्याचा ट्रेलर आला तो जे-झी आणि कान्ये वेस्ट यांचं २०११ सालचं रॅप घेऊन. लोक भडकले. रोममध्ये रॅप कुठून आलं, असं विचारू लागले. जसा काही झिमरचा वाद्यवृंद रोममध्ये होता! गंमत म्हणजे २००० साली पहिल्या 'ग्लॅडिएटर'च्या टीव्हीवरच्या जाहिरातीलाही किड रॉकचं रॅप-रॉकच लावलं होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तेव्हा लोकांजवळ जपायला काही नव्हतं. २४ वर्षांत जपण्यासारखं काहीतरी साठलं आणि मग त्याच गोष्टीचा राग आला. म्हणजे राग रॅपचा नव्हता. आमच्या घरातली वस्तू न विचारता हलवली, हा तो राग होता.

हे सगळं मी मौजेने जमवत होते. पण २०२४च्या मार्चमध्ये एक ट्रेलर ऐकला आणि मौज थोडी कमी झाली. 'बीटलज्यूस' हा १९८८ सालचा भुताखेतांचा विनोदी चित्रपट. त्यात जेवायला बसलेल्या प्रतिष्ठित पाहुण्यांच्या अंगात येतं आणि ते हॅरी बेलाफॉन्टेच्या आवाजातल्या एका गाण्यावर नाचू लागतात. हे गाणं बेलाफॉन्टेने १९५६ साली लोकप्रिय केलं, पण ते मूळचं जमैकाच्या गोदी कामगारांचं. रात्रभर जहाजात केळ्यांचे घड चढवणारे मजूर पहाटे मुकादमाला सांगतात की बाबा, आता मोजदाद कर, उजाडलंय, आम्हाला घरी जायचंय. ३६ वर्षांनी दुसरा भाग आला. त्याच्या झलकेत तेच गाणं कोरसमध्ये, दफनविधीला शोभेल इतकं संथ लावलेलं होतं. बेलाफॉन्टे आदल्याच वर्षी, एप्रिल २०२३मध्ये वारले होते.

आमचे दादा मुंबईच्या गोदीत रातपाळी करायचे. त्यांच्या तोंडून मी कुठलंच गाणं ऐकलं नाही, पण कंदिलाच्या उजेडात पाट्या मोजणाऱ्या मुकादमाच्या गोष्टी ऐकल्या आहेत. म्हणून असेल, ते गाणं संथ झाल्याबरोबर त्याचा मूळ अर्थ मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. कामावर असलेल्या माणसाला घरी जायचंय, एवढाच तो अर्थ.

मग मी मागची यादी चाळली आणि आपल्याकडची दोन मोठी उदाहरणं समोर आली. दोन्ही गाणी वाट पाहण्याची, दोन्ही घरी परतण्याची. लांबलेला दुसरा भाग म्हणजे परत येणारा माणूस. त्याला दारात उभं करायचं तर दुसरी कुठली चाल लावणार?

पहिलं उदाहरण 'गदर'चं. १५ जून २००१ रोजी तो 'लगान'च्याच दिवशी लागला. फाळणीत हरवलेल्या सकीनाची आणि तारासिंगाची ती कथा. त्या सिनेमाविषयी आमच्या मोहल्ल्यात दोन मतं होती, आणि ती मोठ्या आवाजात मांडली जात. त्यातल्या कावळ्याला उद्देशून असलेल्या गाण्याविषयी मात्र एकच मत होतं. सिनेमाला नावं ठेवणारे आमचे एक चाचा ते गाणं लागलं की रेडिओचा आवाज वाढवायचे आणि कुणी पाहिलं की कमी करायचे. आनंद बक्षींचे शब्द, उत्तम सिंग यांची चाल, उदित नारायण आणि अलका याज्ञिक यांचे आवाज. कोकणातल्या माणसाला कावळा समजावून सांगावा लागत नाही. परसात कावळा ओरडला की दादी म्हणायची, पाहुणा येणार. ज्ञानेश्वरांच्या विराणीतसुद्धा शकुन सांगायला कावळाच येतो. एक पंजाबातला, एक आळंदीचा, एक आमच्या परसातला, तिन्ही कावळे एकाच कामावर.

२२ वर्षांनी, ११ ऑगस्ट २०२३ रोजी, 'गदर २' आला. त्याआधी जूनमध्ये ते गाणं पुढे पाठवलं, आधी कावळा आणि मागून पाहुणा. संगीत आता मिथुन यांचं होतं, आवाज तेच. उत्तम सिंग यांनी मात्र जाहीरपणे सांगितलं की आपली गाणी घेतली, पण आपल्याला एकदा विचारलंही नाही. आनंद बक्षी तर ३० मार्च २००२ रोजीच गेले होते, त्यांना कोण विचारणार?

दुसरं उदाहरण 'बॉर्डर'चं. आणि इथे मला आमच्या घरात शिरावं लागतं.

'बॉर्डर' १३ जून १९९७ रोजी प्रदर्शित झाला. १९७१च्या लोंगेवालाच्या लढाईवरचा जे. पी. दत्तांचा सिनेमा. त्यात सैनिकांना घरून पत्रं येतात आणि ते गातात. जावेद अख्तर यांचे शब्द, अनू मलिक यांची चाल, सोनू निगम आणि रूपकुमार राठोड यांचे आवाज. गाणं दहा मिनिटांहून लांब. ते गाणं फौजेचं म्हणून ओळखलं जातं आणि ते खरंच आहे. पण खेड-चिपळूण-दापोलीच्या मुसलमान घरांत ते तेव्हा आखाताचं गाणं होतं. ज्या घरातला बाप, भाऊ, नवरा दुबईत, कुवेतमध्ये, दम्माममध्ये होता, त्या घराला कुणी सांगावं लागलं नाही की पत्र म्हणजे काय आणि घरी कधी येणार या प्रश्नाचं वजन किती असतं.

अब्बा १९७८ ते २००३ दम्माममध्ये होते, एअर कंडिशनरच्या दुरुस्तीच्या कामावर. दोन वर्षांनी दोन महिने रजा. पत्रं यायची, पण आमच्या घरी खरा रिवाज कॅसेटचा. गावचं कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्या बॅगेत अब्बा टीडीकेची एक कॅसेट द्यायचे. रात्री खोलीतली माणसं झोपली की ते हलक्या आवाजात बोलायचे. सलाम, तब्येत, पैसे पाठवले त्याचा हिशेब, आंब्याला मोहर आला का, धाकट्याचे दात पडले का. आम्ही ती ऐकायचो, मग अम्मी दुसऱ्या बाजूवर उत्तर भरायची. १९९७ साली गावात फोन आला होता, तरी अम्मीची कॅसेट सुटली नव्हती. फोनवर मिनिटं मोजावी लागतात, कॅसेटवर रडायलाही वेळ मिळतो, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी मोठ्या भावाने उत्तराच्या शेवटी उरलेल्या जागेत 'बॉर्डर'चं ते गाणं भरून दिलं. ३० मिनिटांच्या बाजूत दहा मिनिटं गाणं, म्हणजे अम्मीला बोलायला वीसच उरली. ती कुरकुरली. पुढच्या कॅसेटमध्ये अब्बांचा निरोप आला की खोलीतली सहाही माणसं ते गाणं रोज ऐकतात, मूळ कॅसेट घासली आहे, पुन्हा भरून पाठवा.

लक्षात घ्या, अब्बांनी तो सिनेमा पाहिला नव्हता. सौदीत १९८०च्या सुमारापासून सार्वजनिक चित्रपटगृहंच नव्हती. ती पुन्हा उघडली एप्रिल २०१८मध्ये, रियाधला. अब्बा त्याच्या १५ वर्षं आधी घरी आले होते. खोलीत व्हिडिओ होता, पण हा सिनेमा त्यांनी लावला नाही आणि पुढेही कधी पाहिला नाही. रणगाडे, बंदुका, राजस्थानची वाळू, यातलं काहीच त्यांच्या गाण्यात नाही. त्यांच्या गाण्यात सहा पलंग आहेत, एक घरघरता कूलर आहे आणि दम्मामची वाळू.

१३ जून २०२४ रोजी, 'बॉर्डर'ला बरोबर २७ वर्षं झाली त्या दिवशी, 'बॉर्डर २'ची घोषणा करणारी छोटी चित्रफीत आली. एका फौजीने परत येण्याचा वादा केला होता, तो आता येतोय, असा तिचा आशय आणि मागे तीच चाल. माझा भाचा आदिल याने ती मोबाइलवर अब्बांना ऐकवली. अब्बा कानाला यंत्र लावतात. त्यांनी मोबाइल कानाशी धरला, चित्र बघितलंच नाही. संपल्यावर म्हणाले, "पुढचं लाव." आदिल म्हणाला, "नाना, एवढंच आहे." अब्बांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं पगाराच्या दिवशी अर्धेच पैसे हातात आल्यावर माणूस बघतो.

सिनेमा २३ जानेवारी २०२६ रोजी आला. त्याआधी ते गाणं नव्या रूपात आलं. इथेही नवी बांधणी मिथुन यांची, सोनू निगम आणि रूपकुमार राठोड यांच्या जोडीला अरिजित सिंग, विशाल मिश्रा, दिलजीत दोसांझ यांचे आवाज आणि मनोज मुंतशिर यांचे वाढीव शब्द. जावेद अख्तर यांना विचारणा झाली होती. त्यांनी नकार दिला आणि स्पष्ट सांगितलं की जुनं चाललेलं गाणं थोडं वाढवून पुन्हा देणं ही मला सर्जनाची दिवाळखोरी वाटते. नवी गाणी करा, नाहीतर तेवढं जमत नाही हे मान्य करा.

याच जावेद अख्तर यांनी राज्यसभेत २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीसाठी किल्ला लढवला होता. त्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनाचा असा हक्क दिला, जो त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा त्यांच्या संस्थेकडेच जातो. त्याआधी गाणं एकदा विकलं की विकलं. पण पैशाचा हक्क वेगळा आणि विचारण्याचा रिवाज वेगळा. कायदा पहिला देऊ शकतो. दुसऱ्यासाठी माणुसकी लागते. 'टॉप गन' (१९८६) पाहा. त्याची धून हॅरल्ड फाल्टरमायर यांची. दुसऱ्या भागाचा ट्रेलर २०१९ साली आला, तीच घंटा आणि तीच धून घेऊन. मग महासाथ आली आणि सिनेमा मे २०२२मध्ये लागला, पहिल्यानंतर ३६ वर्षांनी. तिथे फाल्टरमायर यांना पुन्हा बोलावलं, हान्स झिमर आणि लेडी गागा यांच्याबरोबर त्यांचंही नाव संगीतकारांत आहे. ज्याचं घर त्याला दारात उभं करून पाहुणे आत घेतले, एवढा तो साधा शिष्टाचार. 'इंडियन'च्या (१९९६) दुसऱ्या भागाला, २०२४ साली, ए. आर. रहमान नव्हते, अनिरुद्ध होते. तीही एक रीत झाली, नव्या माणसाने नवं करावं. मधली जी रीत आहे, माणूस नको पण त्याची चाल हवी, ती मला पटत नाही.

पण पटत नाही याचं कारण फक्त हक्काचं नाही. आमच्या घरात दर दोन वर्षांनी एक दुसरा भाग लागायचा. अब्बा यायचे. घर जुन्या चालीवर लावून ठेवलेलं असायचं. तेच घावन, तेच सुकं मटण, तीच चादर, दादीचा तोच विनोद. बॅग उघडली की टँगचा डबा, टायगर बाम आणि आमचे कपडे. कपडे नेहमी लहान निघायचे. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेली मुलगी डोळ्यांसमोर धरून घेतलेला फ्रॉक, आणि समोर उभी मी, चार बोटं वाढलेली. अम्मी म्हणायची, बरोबर बसतोय, दाखव. मी हात अंगाशी धरून उभी राहायची. अब्बा खूश व्हायचे. आठवडाभराने जुनी चाल संपायची आणि मग खरी ओळख सुरू व्हायची. हा माणूस आता रागावतो कसा, चहात साखर किती घेतो, रात्री दचकून का उठतो. ओळख होईतो रजा संपायची.

जुन्या मापाचा फ्रॉक खोटा नव्हता. त्यात प्रेमच होतं. पण तो घालून कुणी शाळेत जाऊ शकत नाही. लांबलेल्या सिनेमाचे ट्रेलर मला तसे वाटतात. ते आपल्याला आपल्याच जुन्या मापाचे कपडे दाखवतात, आणि आपण हात अंगाशी धरून म्हणतो, बसतोय. तिकीट त्यावर खपतं. पुढचे दोन-अडीच तास नवी ओळख करून द्यायची हिंमत ज्याच्यात असते, त्या सिनेमाला ती जुनी चाल शोभते. ज्याच्याकडे चालीपलीकडे काही नसतं, त्याचं बिंग मध्यंतरापर्यंत फुटतं.

२००३ साली अब्बा कायमचे आले. तो शेवटचा भाग सर्वांत लांबला आणि सर्वांत अवघड गेला. त्याला कुठलीच चाल नव्हती. मोठी झालेली मुलं, दादी गेलेली, अम्मीच्या हातात २५ वर्षं चालवलेला कारभार. कुणी काय बोलावं हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. दोघं संध्याकाळी पडवीत बसायची, चहा थंड व्हायचा. वर्षभराने कधीतरी ती भांडायला लागली, तेव्हा आम्हा भावंडांना बरं वाटलं.

आता अब्बा ७८ वर्षांचे आहेत. अम्मी जाऊन चार वर्षं झाली. आदिलने मागच्या वर्षी कपाटातल्या जुन्या कॅसेटी बाहेर काढल्या. एकूण ११ वाचल्या, बाकीच्यांना बुरशी. त्याने त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि नानांच्या वाढदिवसाला म्हणून चार मिनिटांची एक चित्रफीत तयार केली. जुने फोटो, पासपोर्टवरचे शिक्के, मागे अब्बांचा तेव्हाचा आवाज आणि त्या आवाजाखाली, पियानोवर, एकेक सूर सुटा, 'बॉर्डर'ची ती चाल. खरं सांगते, उत्तम झाली होती. माझ्या बहिणीचे डोळे भरले. माझेही भरले असते, पण मी डोळे मिटून ऐकत होते.

अब्बांनी यंत्र नीट बसवलं आणि ऐकलं. मग विचारलं, "मध्ये हे काय वाजतंय? रहीमभाई ऐकू येत नाहीत."

आदिलला रहीमभाई कोण ते ठाऊक नव्हतं. त्याने संगीत बंद करून नुसता आवाज लावला. तेव्हा कळलं. अब्बांच्या बोलण्याच्या मागे, कूलरच्या घरघरीत, पलीकडच्या पलंगावर कुणीतरी मधूनमधून खोकत होतं. "हा रहीमभाई," अब्बा म्हणाले. "रात्रभर खोकायचा. सुट्टीवर जाऊन परत आलाच नाही." मग त्यांनी आणखी दोघांची नावं सांगितली, एकाच्या घोरण्यावरून आणि एकाच्या बांगेच्या घड्याळावरून. ती नावं आम्ही २५ वर्षांत कधी ऐकली नव्हती.

प्रत्येक कॅसेटच्या शेवटी अब्बा खुदा हाफिज म्हणतात आणि लगेच बटण दाबत नाहीत. एका कॅसेटमध्ये तर दीड मिनिट नुसता कूलर आहे. आदिल तो भाग कापणार होता. अब्बांनी हात वर केला आणि पूर्ण दीड मिनिट ऐकलं. मग त्याने चित्रफीत पुन्हा बनवली. आता ती साडेपाच मिनिटांची आहे, आणि तिच्यात कुठेही संगीत नाही.